‘वॉटर’ म्हणजे पाणी, मग ‘शी वॉटर्स’ म्हणजे काय?

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात आठवी-नववीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. मुलं मराठी माध्यमाची आहेत. ‘वॉटर’ म्हणजे पाणी एवढं पाठ असतं, पण ‘शी वॉटर्स द प्लँट्स’ आलं की गाडी अडते. म्हणून नाम आणि क्रियापद दोन्ही होणाऱ्या शब्दांची यादी करायला घेतली. साडेतीनशे शब्द झाले, तरी संपत नाही. मुलांकडून ती पाठ करून घ्यावी का? दुसरं म्हणजे, शाळेतले सर ‘रेकॉर्ड’चा एकच उच्चार सांगतात, मोबाइलवरचा कोश दोन ऐकवतो. खरा कोणता? आणि शेवटचं : एका मुलीने ‘माय अंकल गिफ्टेड मी अ बायसिकल’ असं लिहिलं. ‘गिफ्ट’ हे नाम आहे म्हणून मी अर्धा गुण कापला, तर तिचे वडील विचारायला आले. माझं चुकलं का?

उत्तर : ताई, यादीची वही आधी मिटवा. ती संपायचीच नाही, कारण इंग्रजीत नामाचं क्रियापद करताना शब्दाला काही जोडावं लागत नाही. आपल्याकडे ‘हात’चं ‘हाताळणे’ होतं, ‘लाथ’चं ‘लाथाडणे’, ‘गंज’चं ‘गंजणे’. रूप बदलतं आणि ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीतही पूर्वी असंच होतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत प्रेम म्हणजे ‘लुफु’ आणि प्रेम करणे म्हणजे ‘लुफियन’. उत्तर ‘आन्ड्स्वारु’, तर उत्तर देणे ‘आन्ड्स्वारियन’. पुढच्या चार-पाच शतकांत ही शेपटं झिजून गेली आणि दोन्हीकडे नुसतं ‘लव्ह’, नुसतं ‘आन्सर’ उरलं. वाट एकदा मोकळी झाल्यावर नवे शब्दही तिथूनच चालू लागले. ‘गूगल’ हे कंपनीचं नाव, पण २००६ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ते क्रियापद म्हणून दाखल झालं. तुमची यादी उद्या पुरी झाली, तरी परवा अपुरीच राहील.

मुलांना शिकवायचं ते हे, की शब्द जन्माने नाम किंवा क्रियापद नसतो, वाक्यात तो जे काम करतो त्यावरून ठरतं. ही गोष्ट त्यांना मराठीतून आधीच येते. फळ्यावर दोनच शब्द लिहा : ‘कर भर.’ इथे ‘कर’ नाम, ‘भर’ क्रियापद. त्याखाली लिहा : ‘अभ्यास कर, ज्ञानात भर घाल.’ आता ‘कर’ क्रियापद झालं आणि ‘भर’ नाम. मग ‘मार खाल्ला’ आणि ‘चेंडू जोरात मार’, ‘बँकेतली ठेव’ आणि ‘पिशवी इथे ठेव’. पाच मिनिटांत वर्गातून आणखी दहा जोड्या येतील. ‘कर’ आणि ‘कर’ मुळात एकाच धातूचे का, या वादात मात्र तिथे शिरू नका.

ओळखायचं कसं

मराठीत शब्दाचं काम त्याच्या प्रत्ययावरून कळतं, इंग्रजीत त्याच्या शेजाऱ्यावरून. शब्दाच्या आधी ‘अ’, ‘ॲन’, ‘द’, ‘माय’, ‘युवर’, ‘धिस’, ‘सम’, ‘एनी’ यांतलं काही असेल, किंवा ‘इन’, ‘ऑन’, ‘विथ’, ‘आफ्टर’ असं शब्दयोगी असेल, तर ते नाम. आधी ‘विल’, ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’, ‘डोन्ट’, ‘डिडन्ट’, ‘प्लीज’, ‘लेट्स’ असेल किंवा थेट कर्ता असेल, तर क्रियापद. ‘आय नीड युवर आन्सर’ आणि ‘प्लीज आन्सर मी’ ही जोडी सुरुवातीला पुरे. मुलं फक्त लगतचा शब्द बघतात, तिथे थोडं लक्ष ठेवा. ‘अ लाँग वॉक’मध्ये ‘अ’ एक घर मागे आहे, ‘अ व्हेरी लाँग वॉक’मध्ये दोन. मधल्या विशेषणांवरून उडी मारून मागे जायला शिकवावं लागतं.

फसगत होते ती दोन ठिकाणी. पहिलं ‘टू’. ‘आय वॉन्ट टू वर्क’मध्ये ‘वर्क’ क्रियापद, ‘आय गो टू वर्क’मध्ये नाम. इथे शेजाऱ्याचा उपयोग नाही, कारण शेजारी एकच. मग ‘टू’च्या पुढे ‘माय’ घालून बघायचं. ‘आय गो टू माय वर्क’ चालतं, म्हणजे नाम. ‘आय वॉन्ट टू माय वर्क’ मोडतं, म्हणजे क्रियापद.

दुसरं ठिकाण शेवटच्या ‘एस’चं. पाचवीपासून मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं की ‘एस’ म्हणजे अनेकवचन. नामाला ते खरं आहे : ‘हिज आन्सर्स आर शॉर्ट’. क्रियापदाला मात्र हाच ‘एस’ कर्ता एकटा असल्याची खूण आहे : ‘ही आन्सर्स क्विकली’. तुमचं ‘शी वॉटर्स’ अडतं ते इथेच. मुलगा ‘वॉटर्स’चा अर्थ ‘पुष्कळ पाणी’ असा लावायला बघतो. उपाय सोपा आहे, वाक्य काल घडलं असं समजा. ‘येस्टर्डे शी वॉटर्ड द प्लँट्स’ असं ‘ईडी’ लागलं, की ते क्रियापद. ‘हिज आन्सर्ड आर शॉर्ट’ म्हणून बघा, कानालाच खटकतं.

इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवर हा सराव घेऊ नका. तिथे ‘अ’, ‘द’ गाळलेले असतात आणि खुणाच नाहीशा होतात. २००९ साली जपानमधल्या एका इंग्रजी वृत्तस्थळावर मथळा होता : ‘व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स’. १९८५ च्या जपान एअरलाइन्सच्या विमान अपघाताशी जिचं आयुष्य जोडलं गेलं, त्या व्हायोलिनवादक मुलीची कला बहरते आहे, असं त्याला म्हणायचं होतं. ‘ब्लॉसम्स’ इथे क्रियापद. वाचणाऱ्यांनी ते नाम धरलं आणि ‘क्रॅश ब्लॉसम’ हे कसलं फूल, म्हणून विचारू लागले. अशा दुटप्पी मथळ्यांना इंग्रजीत आता ‘क्रॅश ब्लॉसम’ असंच म्हणतात.

गुण खरे कुठे जातात

तुम्ही हे विचारलेलं नाही, पण उत्तरपत्रिकांत याचीच चूक सगळ्यात जास्त असते. शब्द ओळखता आला तरी त्याच्यामागे काय येतं तिथे मुलं चुकतात.

नाम कर्माला थेट धरू शकत नाही, त्याला मध्ये ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑन’ असं काहीतरी लागतं. क्रियापद थेट धरतं. म्हणून ‘अवर व्हिजिट टू रायगड’, पण ‘वी व्हिजिटेड रायगड’. मराठीत मात्र ‘रायगडाला भेट’ आणि ‘रायगडाला भेट दिली’, दोन्हीकडे ‘ला’ तसाच राहतो. मुलगा तो ‘ला’ इंग्रजीत घेऊन जातो आणि ‘वी व्हिजिटेड टू रायगड’ लिहितो. नियम सांगण्याआधी हा ‘ला’ दाखवा, मग चूक कुठून आली ते त्याला दिसतं.

अशा जोड्या शब्द सुटा न लिहिता पूर्ण लिहून घ्या. ‘ॲन आन्सर टू द क्वेश्चन’, पण ‘आन्सर द क्वेश्चन’. ‘अ डिमांड फॉर वॉटर’, पण ‘दे डिमांडेड वॉटर’. ‘ॲन अटॅक ऑन द फोर्ट’, पण ‘दे अटॅक्ड द फोर्ट’. ‘रिस्पेक्ट फॉर’, ‘कंट्रोल ओव्हर’, ‘डॅमेज टू’, ‘इन्फ्लुअन्स ऑन’, ‘कॉन्टॅक्ट विथ’, ही सगळी नामाची शेपटं, क्रियापद झालं की ती गळतात. रजेच्या अर्जात वर्षानुवर्षं चालत आलेलं ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ याच कारणाने चूक आहे. ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ बरोबर, ‘आय रिक्वेस्ट लीव्ह’ही बरोबर, दोन्हीची खिचडी नको. हॉटेलातलं ‘आय ऑर्डर्ड फॉर टी’ त्याच माळेतलं.

अपवाद थोडे आहेत, ते पाठ करायला सांगा. ‘रिप्लाय टू’, ‘कॉमेंट ऑन’, ‘होप फॉर’ यांत शेपूट दोन्हीकडे राहतं. ‘सर्च’ची गंमत निराळी. ‘दे सर्च्ड फॉर द बॅग’ म्हणजे बॅग शोधली, ‘दे सर्च्ड द बॅग’ म्हणजे बॅगेची झडती घेतली. एका ‘फॉर’मुळे बॅग हरवलेली आहे की हातात आहे, ते ठरतं.

याच्या जोडीला येतं आपलं ‘करणे’. फोन करणे, कॉल करणे, पार्क करणे, प्रॉमिस करणे. इंग्रजी शब्द मराठीत आला की आपण त्याला ‘करणे’ लावून मोकळे होतो. मग उलटं भाषांतर करताना ‘आय डिड अ कॉल’, ‘ही डिड अ प्रॉमिस’ अशी वाक्यं तयार होतात. इंग्रजीत प्रत्येक नामाचा जोडीदार ठरलेला आहे. कॉल, प्रॉमिस, रिक्वेस्ट, अटेम्प्ट, मिस्टेक यांना ‘मेक’ लागतं. ‘आन्सर’ला ‘गिव्ह’, ‘व्हिजिट’ला ‘पे’, आणि ‘वर्क’, ‘डॅमेज’ यांना ‘डू’. हे सगळं पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना सरळ क्रियापद वापरायला लावा : ‘आय कॉल्ड हिम’, ‘ही प्रॉमिस्ड’. ‘अ’ की ‘ॲन’, ‘मेक’ की ‘डू’, ‘टू’ की ‘फॉर’, तिन्ही प्रश्न एका फटक्यात मिटतात.

नाम म्हणून वापरताना आणखी एक बघायचं : ते मोजता येतं का. ‘वर्क’, ‘हेल्प’, ‘डॅमेज’, ‘ट्रॅव्हल’, ‘रिसर्च’ यांना साधारणपणे ‘अ’ लागत नाही आणि अनेकवचन होत नाही. ‘ही गेव्ह मी अ हेल्प’ चूक. ‘डॅमेजेस’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ कोर्टात मागायची नुकसानभरपाई. ‘वर्क्स’ म्हणजे कारखाना, नाहीतर लेखक-चित्रकारांच्या कृती.

‘रेकॉर्ड’ एक की दोन

कोश बरोबर आहे. सरांचा उच्चारही चुकीचा नाही, तो अर्धा आहे. नाम असताना जोर पहिल्या तुकड्यावर : ‘रे-कॉर्ड’. क्रियापद असताना दुसऱ्यावर : ‘रि-कॉर्ड’. जोर सरकला की मागे राहिलेला स्वर दुबळा होतो, म्हणून ‘रे’चा ‘रि’ झालेला ऐकू येतो. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ही सवय नसते. शिवाय ‘करणे’ लावल्यावर आपलं काम एकाच उच्चारात भागतं, ‘रेकॉर्ड मोडला’ आणि ‘गाणं रेकॉर्ड केलं’ यांत फरक करायची गरजच पडत नाही.

हे बहुतेक दोन तुकड्यांच्या शब्दांत होतं, आणि त्यातही ज्यांच्या सुरुवातीला लॅटिनमधून आलेला ‘रि’, ‘प्र’, ‘कन’, ‘इन’, ‘एक्स’, ‘अब’, ‘ट्रान्स’ यांसारखा उपसर्ग असतो त्यांत. ‘प्रे-झंट’ म्हणजे भेटवस्तू, ‘प्रि-झेंट’ म्हणजे सादर करणे. ‘ऑब-जेक्ट’ वस्तू, ‘अब-जेक्ट’ हरकत घेणे. ‘डे-झर्ट’ वाळवंट, ‘डि-झर्ट’ सोडून जाणे. हा दुसरा उच्चार जेवणानंतरच्या गोड पदार्थाचाही, तेव्हा तिथे जपून. याखेरीज परमिट, प्रोजेक्ट, प्रोड्यूस, कॉन्ट्रॅक्ट, एक्सपोर्ट, इम्पोर्ट, इन्क्रीज, इन्सल्ट, सस्पेक्ट, रेबेल. हे फार जुनं नाही. पीटर लेव्हिन्सच्या १५७० च्या कोशात असे तीनच शब्द सापडतात : आउटलॉ, रेबेल आणि रेकॉर्ड. त्यानंतर संख्या वाढतच गेली.

पण नियम सगळीकडे लावत सुटू नका. रिपोर्ट, रिस्पेक्ट, रिझल्ट, सपोर्ट, कंट्रोल, डिले, रिप्लाय, रिक्वेस्ट यांचा जोर दोन्ही कामांत दुसऱ्याच तुकड्यावर असतो. आन्सर, व्हिजिट, प्रॉमिस, डॅमेज, कॉमेंट यांचा दोन्हीत पहिल्यावर. शंका आली तर कोशातला उच्चार बघायचा. जोराच्या तुकड्याच्या *आधी*, वरच्या बाजूला, एक उभी रेघ असते. पुष्कळ जण ती रेघ मागच्या तुकड्याची समजून नेमका उलटा उच्चार करतात.

सराव असा घ्या. जोराच्या तुकड्याला बाकावर थाप. नाम म्हणताना आधी ‘अ’ जोडायचा, क्रियापद म्हणताना ‘टू’ : ‘अ रे-कॉर्ड, टू रि-कॉर्ड’. दिवसाला तीन जोड्या, त्याहून जास्त घेतल्या की थापांचा ताशा होतो आणि जोर कुठेच राहत नाही. लेखी परीक्षेत याला गुण नाहीत, म्हणून चुकल्यावर रागावण्यासारखंही काही नाही.

काही शब्दांत जोर न सरकता शेवटचं व्यंजन बदलतं. नामात ते कठोर, क्रियापदात मृदू. ‘यूस’ म्हणजे उपयोग, ‘यूझ’ म्हणजे वापरणे, स्पेलिंग एकच. ‘हाउस’ आणि ‘हाउझ’, ‘एक्सक्यूस’ आणि ‘एक्सक्यूझ’ तसेच. काहींत स्पेलिंगही बदलतं : ‘ॲडव्हाइस’-‘ॲडव्हाइझ’, ‘प्रूफ’-‘प्रूव्ह’, ‘बिलीफ’-‘बिलीव्ह’. गळ्यावर दोन बोटं ठेवून शेवटचा आवाज लांबवायला सांगा, क्रियापदात गळा थरथरतो. ‘प्रॅक्टिस’ला मात्र हे लागू नाही. तिथे उच्चार एकच, ब्रिटिश स्पेलिंगमध्ये नामाला ‘सी’ आणि क्रियापदाला ‘एस’, अमेरिकेत दोन्हीला ‘सी’. आणि ‘ग्रॅज्युएट’, ‘एस्टिमेट’, ‘डेलिगेट’, ‘डुप्लिकेट’ यांचा शेवट नामात ‘इट’सारखा आखूड, क्रियापदात पुरता ‘एट’. आपण मराठीत दोन्हीकडे ‘एट’ म्हणतो.

अर्थ जागेवर राहतो असं नाही

‘वॉटर’वरून ‘पाणी घालणे’ कळायला अडचण नाही. पण ‘मिल्क द काऊ’ म्हणजे गाईला दूध घालणे नव्हे, धार काढणे. वस्तू घालायची की काढायची, हे शब्द स्वतः सांगत नाही. ‘डस्ट द शेल्फ’ म्हणजे फळीवरची धूळ झटकणे, ‘डस्ट द केक विथ शुगर’ म्हणजे केकवर पिठीसाखर भुरभुरवणे. ‘सीड द फील्ड’ म्हणजे शेतात बी पेरणे, ‘सीड द टोमॅटोज’ म्हणजे टोमॅटोतल्या बिया काढणे. ‘वीड’, ‘पील’, ‘स्किन’, ‘बोन’ काढण्याच्या बाजूचे. ‘सॉल्ट’, ‘बटर’, ‘पेंट’, ‘ऑइल’ घालण्याच्या. अंदाज कामाच्या वस्तूवरून करायचा : फळीवर धूळ कोणी मुद्दाम टाकत नाही.

शरीराचे अवयव मुलांना पटकन येतात, कारण मराठीचे वाक्प्रचार मदतीला धावतात. ‘फेस’ म्हणजे तोंड देणे, ‘शोल्डर’ म्हणजे खांद्यावर घेणे, ‘बॅक’ म्हणजे पाठीशी उभं राहणे, ‘हँड’ म्हणजे हाती देणे. माणसांचे शब्द मात्र जपून वापरायचे. ‘नर्स’ म्हणजे शुश्रूषा करणे, पण ‘डॉक्टर द रिपोर्ट’ म्हणजे अहवालात लबाडीने फेरफार करणे. वडिलांविषयी निबंध लिहिताना ‘फादर’चं क्रियापद कोणी केलं, तर अर्थ ‘जन्मास घालणे’ एवढाच होतो. मायेने सांभाळण्याचा अर्थ ‘मदर’कडे आहे.

कुठे थांबायचं

‘कोणताही शब्द चालतो’ असं ऐकल्यावर एखादा हुशार मुलगा ‘आय डिसिजन्ड’ लिहील. तेव्हा त्याला शेवटचं ‘शन’ किंवा ‘मेंट’ काढून बघायला सांगा. ‘डिसिजन’मागे ‘डिसाइड’ उभं आहे, ‘डिस्कशन’मागे ‘डिस्कस’, ‘अरेंजमेंट’मागे ‘अरेंज’. क्रियापद आधीच हजर असलं की नामाला त्याच्या खुर्चीत बसू देत नाहीत. ‘क्वेश्चन’, ‘मेन्शन’, ‘ऑक्शन’, ‘डॉक्युमेंट’ यांच्यामागे इंग्रजीत असं कोणी नाही, म्हणून ते स्वतःच क्रियापद होतात : ‘ही क्वेश्चन्ड मी’. उलट दिशेनेही हेच : ‘अराइव्हल’ आहे म्हणून ‘हिज अराइव्ह’ नाही. आणि ‘ऑन द फॅन’, ‘ऑफ द लाइट’ हे घराघरांतले हुकूम परीक्षेत चालत नाहीत, तिथे ‘स्विच ऑन’, ‘स्विच ऑफ’च हवं.

आता ‘गिफ्टेड’. ‘गिफ्ट’ हे क्रियापद म्हणून इंग्रजीत काही शतकांपासून आहे, कोशांतही आहे, आणि भारतातल्या इंग्रजीत तर रोजचं आहे. बऱ्याच ब्रिटिश वाचकांना ते आजही थोडं कृत्रिम वाटतं, ते ‘गेव्ह’ लिहितील. ती आवडीनिवडीची गोष्ट झाली, व्याकरणाची नाही. मुलीने ‘ईडी’ बरोबर लावलं आहे, ‘मी’च्या आधी ‘टू’ घातलेला नाही, ‘बायसिकल’ला ‘अ’ दिला आहे. अर्धा गुण परत द्या, आणि समासात पेन्सिलीने ‘गेव्ह’ लिहून ठेवा.